लाल डगला

लिलाव म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे जप्तीची भांडी येतात. लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी कचेरीपुढे असा एक लिलाव मी पाहिला होता. एक पितळी हंडा, दोन खुर्च्या आणि शिवणाचे यंत्र एवढाच माल. आणि ज्याच्या घरचा तो होता तो गृहस्थ पलीकडे वडाखाली पाठ फिरवून बसला होता. तेव्हापासून या शब्दाची मला धास्तीच आहे. शब्द मूळचा पोर्तुगीजांचा. ‘पगार’ही त्यांनीच आपल्याला दिला. पहिला पुरेनासा झाला की दुसरा दारात येतो, हे त्या दर्यावर्दी लोकांना पक्के ठाऊक असावे!

म्हणून गेल्या मे महिन्यात लंडनला मेहुण्यांकडे गेलो असता, “चला, तुम्हाला एक लिलाव दाखवतो,” असे ते म्हणाले, तेव्हा मी काही फारसा उत्साह दाखवला नाही. पण सौ.ने डोळे वटारले. माहेरच्या माणसाचा शब्द! गेलो.

लिलाव जुन्या लष्करी वस्तूंचा होता. तिकडे माल आधी मांडून ठेवतात. कोणीही यावे, वस्तू हातात घ्यावी, उलटसुलट करून पाहावी. मी आत शिरताच एका तरुण नोकराने अदबीने तलवारींच्या दालनाकडे हात केला. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्याच एका लिलावातून मिळवली. तेव्हापासून आपल्या वर्णाचा माणूस दिसला की तो तलवारीसाठीच आला, असे त्यांना वाटत असावे. माझ्या खिशात परतीच्या बसचे पैसे होते. मी मान हलवून पुढे सरकलो.

खरी गर्दी होती ती एका डगल्याभोवती. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज पायदळातल्या कोणा अधिकाऱ्याचा गणवेश तो. म्हणजे १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईच्या आगेमागेचा. कापड असे लालभडक, की आताच रंगाऱ्याकडून आले असे वाटावे. छातीवर जर, मुलामा दिलेल्या बटणांच्या दोन ओळी आणि गळ्याशी ताठ पट्टी. नव्या सुनेचे दागिने पाहायला आळीतल्या बायका वाकाव्यात, तशी दहाबारा वयस्क मंडळी त्याच्यावर वाकली होती. कोणाच्या हातात भिंग, कोणाच्या हातात छोटी विजेरी. बोलणे कुजबुजत. आपल्याकडे गाभाऱ्यातदेखील इतकी शांतता नसते.

त्यांतल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांशी माझी ओळख झाली. त्यांच्या स्वतःच्या कोटाला दोन्ही कोपरांवर ठिगळे होती, हे मला आवडले. मी मास्तर आहे असे कळताच त्यांनी मला विद्यार्थी करून टाकले. बटणे पाहा, म्हणाले. इंग्रज पलटणींच्या बटणांवर १७६७ पासून पलटणीचा आकडा येऊ लागला. म्हणजे बटण हाती आले की कोटाचे गोत्र समजते. पण बटणे बदलताही येतात, म्हणून टाके पाहायचे. शिवणयंत्र शिंप्यांच्या हाती आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. वॉटर्लूच्या म्हणवणाऱ्या कोटाला यंत्राची शिवण दिसली तर नमस्कार करून निघावे. आणि ती विजेरी? तिच्यातून अतिनील किरण पडतात. हल्लीच्या दोऱ्यात शुभ्रपणासाठी जे द्रव्य असते ते त्या उजेडात निळसर चमकते, आणि मग मागाहून घातलेला एखादा टाकादेखील चोरासारखा उघडा पडतो.

हा डगला या साऱ्या परीक्षांत उतरला. मग नोकराने तो अलगद उलटा केला आणि अस्तर दाखवले. मानेपाशी एक मळकट, पिवळसर पट्टा होता. सगळी मंडळी एकदम पुढे झुकली. तो घामाचा डाग होता! जर पाहून कोणी हुंकार भरला नव्हता, तो या डागाला भरला.

“एवढा चांगला राहिला तो कसा?” मी विचारले.

“कारण हा फारसा अंगावर चढलाच नाही,” म्हातारेबुवा म्हणाले. अधिकारी आपल्या पैशाने कपडे शिवत. त्यांच्या कापडाचा लाल रंग कोचिनील नावाच्या, निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेला, महाग. साध्या शिपायाच्या कोटाचा लाल रंग मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा, स्वस्त आणि विटकरी. अधिकारी घरी आला की कोट पेटीत जाई, पेटी माळ्यावर, आणि नातवंडांना ती सापडे.

“मग शिपायाचा कोट?”

ते हसले. “दाखवा मला एक. घर विकून घेतो.”

शिपायाला कोट सरकारातून मिळे, आणि तो अंगावर घेऊनच तो चाले, झोपे, भिजे. अठराव्या शतकात तर नवा कोट आला की जुन्याची कापून बंडी करण्याचाच पलटणीत रिवाज होता. बंडी फाटली की तिचे काय होई हे सांगायला नकोच. कोट हजारोंनी निघाले आणि हजारोंनी संपले. संग्राहकांच्या लेखी दुर्मीळ जर कोणाचा असेल तर तो त्या फाटक्या माणसाचा. नेपोलियनने म्हणे शंभरावर टोप्या वापरल्या. त्यांतली एक २०२३ मध्ये फ्रान्समध्ये फाँतेनब्लोच्या लिलावात १९ लाख ३२ हजार युरोंना गेली. टोप्या सांभाळायला त्याच्यापाशी माणसे होती.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष लिलाव झाला. डगल्याची पाळी दोन मिनिटांतच आटोपली. म्हातारेबुवांनी हातातला आकड्याचा फलक तीनदा वर केला, चौथ्यांदा गुडघ्यावर पालथा ठेवला. दूरध्वनीवरच्या कोणा अदृश्य माणसाने डगला नेला. “निदान मी हात तरी लावला,” एवढेच ते म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

अंगावर पुरता वापरलेला आणि तरीही उरलेला एक कोट आहे, तो मेहुण्यांनी मला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात दाखवला. नेल्सनचा कोट. तो शिपायाचा नव्हे, दर्यासारंगाचा. लाल नव्हे, गर्द निळा. पण त्याच्यापुढे मी डगल्यापेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनने तो घातला होता. छातीवर शिवलेली चार मानाची पदके आहेत. डाव्या खांद्यापाशी गोळीचे भोक आहे. उजवा हात त्याने १७९७ मध्येच टेनेरिफला गमावलेला. म्हणून रिकामी बाही छातीच्या बटणाला अडकवण्यासाठी तिच्या टोकाला एक छोटा काळा फासा आहे. भोकापेक्षा मला तो फासाच जास्त बोचला. रोज सकाळी कोणीतरी तो अडकवून देत असेल.

कोटावर रक्ताचे डाग आहेत, पण त्यांतले बरेचसे नेल्सनचे नसावेत असे मानतात. त्याचा चिटणीस जॉन स्कॉट त्याच दिवशी आधी तोफगोळ्याने मेला होता, आणि गोळी लागल्यावर नेल्सन कोसळला तो स्कॉटच्या रक्तावर. जगज्जेत्याच्या कोटावर चिटणिसाचे रक्त! आम्हा लेखणीवाल्यांची इतिहासात नोंद होते ती अशी.

आणि हा कोट तरी उरला कसा? नेल्सनच्या इच्छेने तो त्याच्या प्रिय एमा हॅमिल्टनकडे गेला. पुढे ती कर्जात बुडाली आणि कोट जोशुआ स्मिथ नावाच्या, तिला पैसे दिलेल्या शहरातल्या एका प्रतिष्ठिताच्या घरी पोचला. १८१५ मध्ये ती कॅलेला दारिद्र्यात मेली. तीस वर्षांनी, १८४५ मध्ये, तो दीडशे पौंडांना विकाऊ असल्याचे कळले. लोकवर्गणी काढण्याची खटपट चालली होती, तेवढ्यात राणी व्हिक्टोरियाच्या पतीने, प्रिन्स अल्बर्टने, तो विकत घेऊन ग्रिनिचला देऊन टाकला. काचेपलीकडच्या त्या कोटाकडे पाहताना वडाखाली पाठ फिरवून बसलेला आमच्या तालुक्याचा तो गृहस्थ मला आठवला.

त्या रात्री झोप येईना. आमचे आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला जिथे धारातीर्थी पडले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले, ते इटलीतले रण. आजोबा परत आले ते जाड लोकरीचा एक ओव्हरकोट घेऊन. मी तो कधी पाहिला नाही, नुसता ऐकला. त्याचे पुढे काय झाले हे विचारण्याची बुद्धी मला चाळीस वर्षांत झाली नव्हती. तिकडे उजाडले असेल असा हिशेब करून मी गावी आत्याला फोन लावला.

“आत्या, आजोबांचा तो मिलिटरीचा कोट कुठं गेला गं?”

“कुठं जातुय? अंगावर झिजला. आबा रात्रीचं उसाला दारं धराय जायचं, तवा तोच असायचा. मग बाह्या गेल्या. मग आयनं त्याची तुझ्या बापाला बंडी शिवली. उरलं त्याची पाडीला झूल केली.”

“आणि बटणं? पितळी होती ना?”

“मोडीत घातली. त्या पैशात तुझ्या बापाची चौथीची पुस्तकं आली.” मग जराशी थांबून आत्याने काळजीच्या सुरात विचारले, “का रं? तिकडं लई थंडी हाय का?”