तळ कापलेली साइन वेव्ह

मंचरजवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सिग्नल जनरेटर गेल्या हिवाळ्यात नारायणगावात आमच्या टेबलावर आला. तक्रार एका ओळीची: साइन वेव्ह खालून कापली जाते. आधीच्या दुरुस्तीत ऑसिलेटरचा आयसी दोनदा बदललेला, बोर्डावरचे ट्रॅक उचललेले. सकाळी लावला तर वेव्ह अगदी स्वच्छ. त्या आठवड्यात शेतीची लाइन संध्याकाळी होती. पंप सुरू झाले, व्होल्टेज १८५ वर आलं आणि वेव्हचा तळ कापला जाऊ लागला.

अशा वेळी ऑसिलेटर उघडण्याआधी स्वतःच्या स्कोपवर संशय घ्यावा. प्रोब कॅलिब्रेटरच्या चौकोनी वेव्हवर जुळवून घ्या. व्होल्ट्स-डिव्हिजनचा नॉब एक घर फिरवा. वेव्हचा आकार बदलला तर खोट स्कोपच्या इनपुटमध्ये आहे. मग लोड काढून पाहा. आमच्याकडे या तिन्ही गोष्टींनी काही बदललं नाही. तेव्हा ट्रिगर ‘लाइन’वर टाकला आणि टाइमबेस ५ मिलिसेकंदांवर आणला. १ किलोहर्ट्झची वेव्ह धूसर पट्ट्यासारखी दिसली, पण तिच्या खालच्या काठावरचे चावे जागच्या जागी उभे राहिले: दर १० मिलिसेकंदांनी एक. म्हणजे १०० हर्ट्झ. म्हणजे पॉवर सप्लाय.

उणे १५ व्होल्टच्या बाजूचा फिल्टर कपॅसिटर ७९१५ रेग्युलेटरच्या हीटसिंकला खेटून बसवलेला होता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो सुकला होता. २३० व्होल्टवर कसंबसं भागत होतं. लाइन उतरली की रिपलच्या प्रत्येक दरीत रेग्युलेटरला हवे ते १७ व्होल्ट मिळत नव्हते. ऑसिलेटर निर्दोष होता, दोनदा बदललेला आयसीसुद्धा.

वेव्ह वरून आणि खालून सारखीच चेपलेली असेल, तर वाट वेगळी. वीन ब्रिज ऑसिलेटरमध्ये गेन बरोबर ३ वर धरून ठेवावा लागतो. ते काम विल्यम ह्यूलेट यांनी १९३९ मध्ये साध्या फिलामेंटच्या दिव्याकडून करून घेतलं. अनेक जुन्या जनरेटरांत आजही दिवा किंवा थर्मिस्टर असतो. तिथे आधी तो तपासावा.

आपल्याच तालुक्यातल्या खोडदला ऑसिलेटर आणि सप्लाय स्वच्छ ठेवण्याच्या शिस्तीचं मोल मोठं आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना एकच दुर्बीण म्हणून चालतात, कारण त्यांचे लोकल ऑसिलेटर एका संदर्भाला बांधलेले आहेत. मिक्सरमध्ये आकाशातून आलेल्या क्षीण लहरीशी ऑसिलेटरचा गुणाकार होतो, त्यामुळे ऑसिलेटरवरचा डाग थेट आकाशाच्या नोंदीवर उमटतो. हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर २१ सेंटिमीटरची. तिच्या एका अंशाची फेज म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटर. सप्लायचा १०० हर्ट्झ रिपल ऑसिलेटरवर चढला, तर मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना खोट्या रेषा उभ्या राहतात. शिवाय बाहेरच्या विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचाही त्रास आहेच. त्यासाठी तिथे चालू निरीक्षणातच तो गोंगाट गाळणारी यंत्रणा बसवली आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं हे काम आपल्यापासून काही मैलांवर आहे, आणि आपल्यातले कितीतरी दुरुस्तीवाले आजवर तिथे गेलेले नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. दुकान एक दिवस बंद ठेवून जा, रिसिव्हरच्या कामाबद्दल तिथल्या इंजिनिअरांना विचारा.

आणि एक विनंती. जॉबकार्डावर आपण मॉडेल नंबर लिहितो, तक्रार लिहितो. त्याखाली आणखी दोन रकाने आखा: बिघाड दिसला ती वेळ आणि त्या क्षणी लाइनवर असलेलं व्होल्टेज. जुन्नर-आंबेगावात या दोन आकड्यांशिवाय कुठलाही आयसी काढू नका.