वृंदावनच्या विधवा आणि श्रमाचे मोल

वृंदावनच्या भजनाश्रमांत, बहुतांशी बंगालमधून आलेल्या वृद्ध विधवा तासन्‌तास नामसंकीर्तन करीत आणि मूठभर तांदूळ व चार नाणी पदरात घेत. अर्थशास्त्राच्या भाषेत ही मजुरीच. समाजाने तिला पुण्य म्हटले, एवढेच.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या हलाखीची दखल घेतली. २०१३ मध्ये त्या आश्रमात होळी खेळल्या. २०१८ साली एक हजार जणींची सोय असलेले सरकारी ‘कृष्ण कुटीर’ सुरू झाले. आश्रमांतून त्या उदबत्त्या, राख्या, हार करू लागल्या, अक्षरे गिरवू लागल्या. जन्मभर अशुभ ठरविलेल्या हातांना काम मिळाले, जगण्याला प्रयोजन लाभले.

या घटनेचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु प्रयोजनाने पोट भरत नाही. विधवा निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २०१२ साली दरमहा ३०० रुपये झाला. महागाई वाढत गेली, तो मात्र दहा वर्षांनंतरही तेवढाच राहिला. म्हातारपणी काम हा स्वेच्छेचा आनंद असावा, उदरनिर्वाहाची सक्ती नसावी. त्यासाठी पुरेसे निवृत्तिवेतन हा हक्क मानावा लागेल.

कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या वृद्धाश्रमात जरूर जावे. पण फळे वाटून परतू नये. तेथील आजींच्या हातच्या वस्तूंचे पैसे त्यांनाच मिळतात काय, एवढे तरी विचारावे.