घर आमचे, मग घराखालची जमीन कोणाची?

प्रति,
मा. महसूल मंत्री, मा. सहकार मंत्री व मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र शासन
मा. जिल्हाधिकारी, पालघर
मा. आयुक्त, वसई-विरार शहर महानगरपालिका

विषय : सामाईक मालकीच्या घरांचे अभिहस्तांतरण, सहखरेदीदारांचे हक्क व मुद्रांक शुल्क यांबाबत मागणीपत्र

महोदय,

आम्ही माणिकपूर परिसरातील सदनिकाधारक आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी हे मागणीपत्र सादर करीत आहोत. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती आजही जागोजाग दिसतात. मुंबईत घर परवडेना म्हणून आलेल्या कारकून, कामगार, शिक्षक आणि परिचारिकांनी ही घरे घेतली. चर्चगेट लोकलमध्ये उभे राहून अर्धे आयुष्य काढले आणि हप्ते फेडले. करारनामा नोंदवलेला आहे, घरपट्टी नावावर येते, वीजबिलही नावावर आहे. पण सातबारा काढला की त्यावर ना आमचे नाव, ना आमच्या संस्थेचे.

फ्लॅट घेणारा माणूस चार भिंती एकट्याच्या घेतो आणि बाकी सगळे भागीदारीत घेतो. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, पंपाची खोली, आवार आणि मुख्य म्हणजे जमीन, हे सारे सामाईक असते. या सामाईक भागाची मालकी कागदावर येत नाही तोवर खरेदी अर्धीच राहते. किंमत मात्र पूर्ण वसूल झालेली असते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. 1915 साली मुंबईत गावदेवीला राव बहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिथे आधी सभासद एकत्र आले, संस्था झाली, मग घरे झाली. जमिनीवरचा हक्क पहिल्यापासून संस्थेकडे होता. पुढे बिल्डरने आधी इमारत बांधायची, फ्लॅट विकायचे आणि संस्था शेवटी, अशी उलटी रीत पडली. त्या उलट्या रीतीतून ग्राहक बुडू नये म्हणून राज्याने 1963 साली मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा कायदा केला. लोक त्याला मोफा म्हणतात. पुरेसे खरेदीदार झाले की चार महिन्यांत संस्था नोंदवण्यासाठी अर्ज, आणि करारात वेगळी मुदत नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन-इमारतीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), असे त्यात व त्याखालच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. हे न करणाऱ्या बिल्डरला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही कन्व्हेयन्स झाले नाही, म्हणून 2008 साली दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आणावे लागले. जमीनमालक किंवा बिल्डर सही करीत नसेल तर सक्षम प्राधिकारी म्हणून जिल्हा उपनिबंधकांनी सहा महिन्यांत प्रमाणपत्र द्यावे, अशी ही तरतूद आहे. पुढे रेरा या स्थावर संपदा कायद्याने अभिहस्तांतरणाला भोगवटा प्रमाणपत्रानंतर तीन महिन्यांची मुदत घातली खरी, पण तो कायदा येण्याआधीच पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा लोक राहू लागलेल्या जुन्या इमारतींना त्याचा उपयोग नाही. माणिकपूरच्या बहुतेक घरांना आधार आहे तो मोफाचाच.

परदेशातही सामाईक मालकीचे घर त्रासाविना मिळत नाही. ब्रिटनमध्ये घराचा काही हिस्सा विकत घ्यायचा, उरलेल्या हिश्शाचे भाडे गृहनिर्माण संस्थेला द्यायचे आणि ऐपतीप्रमाणे हिस्सा वाढवत न्यायचा, अशी योजना आहे. हिस्सा अपुरा आणि देखभालीचा भार मात्र जवळजवळ पूर्ण, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार आहे. पण तिथे आपला हिस्सा किती, हे खरेदीच्या दिवशीच कागदावर असते. आम्ही शंभर टक्के पैसे मोजूनही जमिनीतला आमचा वाटा किती चौरस मीटर आहे, हे कोणत्याही एका कागदावरून सांगू शकत नाही.

इथली अडचण समजून घ्यायची तर जमिनीचा इतिहास पाहावा लागतो. या जमिनी मुळात बागायतीच्या आणि भाताच्या, घराण्यांच्या सामाईक मालकीच्या. एका सर्व्हे नंबरवर आजोबांची नावे, त्याखाली वारसांची रांग. कोणाची वारस नोंद राहिलेली, कोणी परदेशी स्थायिक, कोणाच्या हिश्शाचा वाद कोर्टात. इतर हक्कांच्या रकान्यात कधी कूळकायद्याचा शेरा, कधी जुन्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा. बिल्डरने त्यांपैकी काहींकडून विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र घेतले, एकाच भूखंडावर तीन-चार इमारती उठवल्या आणि तो निघून गेला. आता या इमारतींच्या संस्था वेगळ्या, सातबारा एक, आणि कोणाच्या वाट्याला किती जमीन हे ठरवणारा नकाशा कोणाकडेच नाही. मूळ जमीनमालकांशी आमचे वैर नाही. विकसन करारात ठरलेला मोबदला पुरता न मिळालेली कुटुंबे त्यांच्यातही आहेत. दोघांमध्ये उभा राहून दोघांनाही बुडवणारा तिसराच होता.

डीम्ड कन्व्हेयन्सच्या अर्जाची फाइल एकदा हातात घेऊन पाहावी, अशी आमची विनंती आहे. प्रत्येक सदनिकेच्या नोंदणीकृत करारनाम्याची प्रत आणि इंडेक्स-टू, पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंतची साखळी, सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, विकसन करार, वास्तुविशारदाचा दाखला, सर्वसाधारण सभेचा ठराव. सोळा घरांच्या इमारतीतही दोन-तीन घरांचे मूळ करार सापडत नाहीत. एखादा सभासद वारलेला असतो, एखाद्याचा कागद बँकेत अडकलेला असतो. सचिव हा बहुधा निवृत्त माणूस. तो झेरॉक्सची पिशवी घेऊन वसईहून पालघरला जातो आणि त्रुटीचे पत्र घेऊन परत येतो. हे सगळे पार पडून आदेश मिळाला तरी काम संपत नाही. मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी आणि मग तलाठ्याकडे फेरफार ही तीन दारे उरतातच. सातबाऱ्यावर संस्थेचे नाव चढले तरच कन्व्हेयन्स पुरे झाले, असे आम्ही मानतो.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी. माणिकपूर-नवघर परिसरात प्रभागवार विशेष शिबिरे घ्या. तिथे उपनिबंधक, मुद्रांक, नोंदणी, भूमी अभिलेख आणि महसूल या पाचही खात्यांचे अधिकारी एकाच छताखाली बसावेत. अर्जापासून फेरफारापर्यंत एकच फाइल चालावी. नोंदणी खात्याकडे ज्या करारांची नोंद आधीच आहे, त्यांच्या प्रती सभासदाकडे न मागता खात्याने स्वतः काढून जोडाव्यात. सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर प्रकरण आपोआप वरिष्ठांकडे जावे आणि विलंबाचे कारण लेखी मिळावे. वारसांचा आपसातला वाद हे अर्ज अडवण्याचे कारण होऊ नये. सक्षम प्राधिकाऱ्याची चौकशी संक्षिप्त आहे आणि मालकीचे वाद दिवाणी न्यायालयाचे आहेत, हे उच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलेले आहे. एका भूखंडावर अनेक इमारती असतील तिथे भूमी अभिलेख खात्याने शासकीय दराने मोजणी करून प्रत्येक संस्थेचा वाटा नकाशावर दाखवावा.

दुसरी मागणी महानगरपालिकेकडे आहे. इथल्या इमारतींना परवानगी देणारे हात बदलत गेले. आधी ग्रामपंचायत आणि नगरपरिषद, 1990 पासून नियोजनासाठी सिडको, 2009 साली महानगरपालिका आणि पुढल्या वर्षी नियोजनाचे अधिकारही तिच्याकडे. या हस्तांतरात कागद कुठे राहिले, हे शोधण्याची जबाबदारी सदनिकाधारकाची नाही. सर्व्हे नंबरनिहाय सर्व बांधकाम परवानग्या, मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्रे संकेतस्थळावर खुली करावीत. भोगवटा प्रमाणपत्र बिल्डरने घेतले नाही म्हणून कन्व्हेयन्स अडू नये. स्वयंघोषणापत्रावर अर्ज घेण्याची जी सवलत शासनाने 2018 साली दिली, ती प्रत्येक टेबलावर पाळली जावी.

जमिनीचा एवढा आग्रह का, याचे उत्तर इमारतीच्या वयात आहे. 30 वर्षे उलटलेल्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या अनेक इमारती त्या वयाला पोचल्या आहेत. खारी हवा, पावसाळ्यात तळमजल्यात शिरणारे पाणी, सळया उघड्या पडलेले खांब. उद्या इमारत धोकादायक ठरली आणि पाडावी लागली, तर फ्लॅट उरत नाही, उरते ती फक्त जमीन. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या हातात पुनर्विकास. वाढीव चटईक्षेत्राचा लाभही त्यालाच. ऑगस्ट 2025 मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि 17 जीव गेले. ती इमारत अनधिकृत होती, आमच्या अनेक इमारती रीतसर परवानगीच्या आहेत. पण जमीन नावावर नसलेल्या रहिवाशाला घर सोडण्याची भीती धोक्यापेक्षा मोठी वाटते, म्हणून तो भेगा पाहत तिथेच राहतो. त्याला नुसती नोटीस देऊन भागणार नाही. धोकादायक इमारत रिकामी करण्यापूर्वी पालिकेने प्रत्येक सदनिकाधारकाला क्षेत्रफळ आणि ताबा नमूद केलेला दाखला द्यावा, आणि अशा इमारतींचे कन्व्हेयन्स अर्ज इतरांच्या आधी 60 दिवसांत निकाली काढावेत. ही आमची तिसरी मागणी.

आता घराच्या आतल्या सामाईक मालकीबद्दल. एकट्याच्या पगारावर कर्ज मंजूर होत नाही, म्हणून दोन भाऊ, आई आणि मुलगा, नवरा-बायको मिळून घर घेतात. करारनाम्यात नावे दोन, पण कोणाचा हिस्सा किती हे लिहिलेलेच नसते. पुढे एकाचे लग्न होते, एकाची नोकरी जाते, आणि हप्ते कोणी किती भरले याचा हिशेब निघतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा वाटा, आणि पुरावा नसेल तर समान वाटा. तो पुरावा दहा-पंधरा वर्षांनी कुठून आणायचा? म्हणून करारनाम्याच्या नोंदणीत प्रत्येक खरेदीदाराच्या हिश्शाची टक्केवारी लिहिणे सक्तीचे करावे, आणि संस्थेच्या भाग दाखल्यावरही तीच उतरावी.

याच ओघात एका उघड विसंगतीकडे लक्ष वेधतो. घर केवळ महिलेच्या नावावर घेतले तर एप्रिल 2021 पासून राज्य मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देते. पतीचे नाव सोबत आले की सवलत गेली. 40 लाखांच्या घरावर हा फरक 40,000 रुपयांचा आहे. दुसरीकडे प्रधानमंत्री आवास योजना पती-पत्नीच्या संयुक्त नावाला मान्यता देते. बँकही कर्जासाठी सहसा दोघांची नावे मागते. मग पत्नीने आपल्या पगारातून अर्धे घर घेतले, तर तिच्या अर्ध्या हिश्शाला सवलत का नाही? महिलेच्या हिश्शाच्या प्रमाणात ही सवलत मिळावी. तसेच पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना राहते घर बक्षीस देताना नाममात्र मुद्रांक लागतो, वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाला सोडतानाही तसेच. पण भावाबहिणींनी कष्टाच्या पैशातून मिळून घेतलेल्या एकुलत्या घरातला हिस्सा एकाने दुसऱ्याला सोडला, तर पूर्ण शुल्क भरावे लागते. या हक्कसोडीलाही नाममात्र शुल्क लावावे.

शेवटची मागणी उद्याच्या खरेदीदारासाठी. या पट्ट्यात अजून हजारो घरे विकली जाणार आहेत. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित जागेवर उभ्या केलेल्या 41 इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, तेव्हा रस्त्यावर आली ती घर घेणारी कुटुंबे. विक्री करारात चटईक्षेत्राच्या शेजारी जमिनीतला अविभक्त वाटा चौरस मीटरमध्ये, सर्व्हे नंबरसह आणि आरक्षणाच्या स्थितीसह लिहिल्याशिवाय कोणताही करार नोंदला जाऊ नये.

या मागण्यांसाठी बहुतांशी नवा कायदा लागत नाही. आहे तो कायदा पाळण्याची आणि काही आदेश दुरुस्त करण्याची गरज आहे. कागदपत्रे जुळवण्याचे, शिबिरात स्वयंसेवक देण्याचे आणि जुन्या सभासदांचे वारस शोधण्याचे काम आम्ही आनंदाने करू. संबंधित खात्यांची संयुक्त बैठक 30 दिवसांच्या आत माणिकपुरात बोलवावी, तिचे इतिवृत्त लेखी द्यावे आणि पहिल्या शिबिराची तारीख त्याच बैठकीत जाहीर करावी, ही आग्रहाची विनंती.

आपले,
माणिकपूर परिसरातील सदनिकाधारक व गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी