बाई, ते मुद्दाम जमीन हलवतात?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गुडघे दुखतात हे खरं, पण लिहायला गुडघे लागत नाहीत, त्यामुळे ती सबब चालणार नाही. खरं कारण असं की ज्या विषयावर लिहायचं होतं त्यावरून घरात भांडण झालं होतं आणि ते निवलं नव्हतं.

२०२५ च्या मे महिन्यात सीमेवर तोफा चालू होत्या तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर भाच्याने लिहिलं, "एकदाच अणुबॉम्ब टाकून टाका, कायमची कटकट जाईल." त्याखाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. आमच्या काळी अंगठा निरक्षर माणूस उठवायचा, आता इंजिनिअर उठवतात. मी लिहिलं, "बाळा, हे बरं नाही." उत्तर आलं, "मावशी, तू शाळेत शांततेचे निबंध लिहून घेतलेस, जग निबंधावर चालत नाही."

तर शांततेचे निबंध मी लिहून घेतले नाहीत. उलटंच केलं, आणि ते आज इथे सांगून टाकते.

११ मे १९९८ ला पोखरणची बातमी आली तेव्हा शाळेला सुट्टी होती. नांदेडला आमच्या गल्लीत मी स्वतः पेढे वाटले. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गाला निबंध दिला, विषय अर्थातच पोखरण आणि आपला अभिमान. सगळ्या लेकरांनी पानं भरली. एका मुलीची वही कोरी. ती औसा तालुक्यातली. भूकंपानंतर तिचे वडील होतं नव्हतं ते विकून नांदेडला आले होते. मी रागावले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ते मुद्दाम जमीन हलवतात?"

मी भूगोल शिकवणारी बाई. मला उत्तर माहीत होतं. उत्तर 'हो' असं होतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. "बस खाली," एवढंच म्हणाले.

माझं माहेरही तिकडचंच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं ते घर त्या रात्री माणसांवर बसलं. सरकारी हिशेबानेच सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यात माझी भावजय आणि तिची धाकटी होती. मी तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा घर कुठलं आणि रस्ता कुठला हे भावालाही सांगता येत नव्हतं. पाऊस पडत होता. याहून जास्त लिहीत नाही.

पोखरणजवळ खेतोलाई नावाचं गाव आहे. तिथल्या घरांच्या भिंतींना स्फोटांमुळे तडे गेल्याची गाऱ्हाणी गावकऱ्यांनी केली. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या मुलीला मात्र न वाचता कळलं होतं.

आता जरा भूगोलाचा तास घेते, नातेवाइकांनी सहन करावं. जमिनीखाली कुणी चोरून अणुस्फोट केला तर तो भूकंपमापकावर उमटतो. भूकंपात खडक एकमेकांना घासून सरकतात. स्फोट सगळीकडे सारखाच बाहेर ढकलतो. म्हणून दोघांच्या लाटांची नक्षी वेगळी येते. १९५८ साली जिनिव्हात अमेरिका-रशियाकडचे शास्त्रज्ञ एकत्र बसले ते हे ओळखता येईल का हेच ठरवायला. त्यानंतर साठच्या दशकात जगभर एकसारखी भूकंपमापकं बसली, त्यातलं एक आपल्या पुण्यात. १९६५ मध्ये कर्नाटकात गौरीबिदनूरला आपल्या अणुशक्तीवाल्यांनी ब्रिटिशांच्या मदतीने असंच केंद्र उभारलं. म्हणजे पृथ्वीच्या पोटातलं आपल्याला आज जे माहीत आहे, त्यातलं कितीतरी बाँबवर पहारा ठेवण्याच्या निमित्ताने कळलं. शत्रूंनी मिळून केलेलं हे काम आहे. भाच्या, जग निबंधावर चालत नसेल, पण अशा कामांवर चालतं.

त्याच धाग्यातून १९९६ चा सर्वंकष चाचणीबंदी करार आला. आजवर १८७ देशांनी सही केली, आपण नाही. उत्तर कोरियाने २००६ ते २०१७ मध्ये सहा स्फोट केले, सहाही या कराराच्या यंत्रणेने पकडले. २००४ च्या त्सुनामीनंतर हीच माहिती त्सुनामीचा इशारा देणाऱ्या केंद्रांना मिळू लागली. ही यंत्रणा असती तर किल्लारी वाचली असती असं मी म्हणत नाही. भूकंपाचं भाकीत कुणालाच येत नाही. १९९२ साली किल्लारीला छोटे धक्के बसले होते, तरी पुढचं कुणाला सांगता आलं नाही.

आपण सही का केली नाही? त्या वेळी आपलं म्हणणं चूक नव्हतं, हेही सांगते. ज्यांनी शेकडो स्फोट करून घेतले, अमेरिकेने तर हजारावर, तेच आता इतरांना बंदी घालणार आणि स्वतःची अस्त्रं कधी मोडणार याची तारीख देणार नाहीत. हा पंक्तिप्रपंचच होता. पण १९५४ साली, बिकिनीच्या स्फोटानंतर महिन्याभरात, चाचण्या थांबवा असं संसदेत म्हणणारे नेहरूच होते. पोराचं बारसं आपण केलं आणि लग्नाला गेलो नाही.

आणि १९९८ पासून आपण चाचणी केलेली नाही, करणार नाही असं स्वतःच जाहीर केलंय. मग सही केल्याने जातं काय? काहींचं म्हणणं, हायड्रोजन बाँब नीट फुटलाच नव्हता, पुन्हा करून बघावा लागेल. २००९ मध्ये के. संथानम हेच म्हणाले, आणि काकोडकर, चिदंबरम यांनी ते खोडून काढलं. काकोडकरांचं खरं मानायचं तर चाचणीची गरज नाही. संथानम यांचं खरं मानायचं तर १९९८ चे पेढे कशाचे होते?

"अमेरिकेने तरी कुठे मान्यता दिली?" हा भाच्याचा पुढचा बाण. दिली नाही. चीननेही नाही. रशियाने दिलेली २०२३ मध्ये काढून घेतली. पण हा युक्तिवाद मी पस्तीस वर्षं शेवटच्या बाकावरून ऐकलाय. बाई, त्याने वही काढली नाही म्हणून मी काढली नाही.

बाँब आहे म्हणून ते घाबरतात, हेही रोज ऐकते. दोघांनीही १९९८ च्या मे महिन्यात स्फोट केले आणि पुढच्याच मे महिन्यात कारगिल सुरू झालं. मग २००१ ला संसद, २००८ ला मुंबई, २०१९ ला पुलवामा, २०२५ ला पहलगाम. कोण घाबरलं? लढाया लांबल्या नाहीत त्या बाँबमुळे असं कुणी म्हणेल. म्हणू द्या, कदाचित खरंही असेल. पण नशिबावर किती वर्षं काढायची?

संयुक्त राष्ट्रांवर माझी भाबडी भक्ती नाही. आम्ही मराठवाड्याची माणसं. १९४८ साली निजामाने आपला खटला सुरक्षा परिषदेत नेला, १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्यावर चर्चा चालू होती आणि १७ तारखेला इकडे आपण मोकळेही झालो. वडील हे हसत हसत सांगायचे. पण सगळंच हसण्यावारी जात नाही. भारत-पाकिस्तानने १९८८ मध्ये करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिली. ज्यांना एकमेकांचं तोंड बघवत नाही ते हे करू शकतात, तर व्हिएन्नाच्या कागदावर सही करणं इतकं अवघड का?

असो. ती मुलगी आता कुठे असते ते माहीत नाही. भाच्याला हे पान पाठवलंय. अंगठा दाखवू नकोस, फोन कर, असं खाली लिहिलंय. दुपारी दोनच्या आत केलास तर बरं, नंतर मी झोपते.