सरस, शल्यकर्म आणि रोग्याची संमती

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका हे जुने गाव आहे. बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडाच्या घराण्याचे हे मूळ ठाणे. आज ते वाढत्या शहरात सामावून गेले आहे. येथील रामगोंडनहळ्ळी भागात भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची एक राष्ट्रीय संस्था जनावरांच्या साथींचा अभ्यास करते. लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांसारखे रोग कोणत्या जिल्ह्यात उद्भवण्याचा संभव आहे, याचा अंदाज ती सुमारे दोन महिने आधी वर्तविते.

भाजलेल्या रोग्याच्या अंगावर पातळ पडदा पसरणाऱ्या शल्यविशारदाचा या संस्थेशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु तो पडदा पुष्कळदा जनावराच्या शरीरातून काढलेल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. तेव्हा त्या पडद्याची कथा गोठ्यात सुरू होते आणि रोग्याच्या खाटेपाशी संपते. ही संपूर्ण वाट नोंदली गेली पाहिजे, आणि ती ज्याच्या शरीरावर येऊन संपते त्या रोग्याला, त्याला समजेल अशा भाषेत, आधी सांगितली गेली पाहिजे, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

शरीरातील दोर

पूर्वी गावोगावचे सुतार लाकूड जोडण्यासाठी सरस वापरीत. हाडे व कातड्याचे तुकडे पाण्यात उकळून हा सरस काढीत असत. कोलॅजेन या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘सरस उत्पन्न करणारे’ असाच आहे. त्वचा, अस्थी, कंडरा व कूर्चा यांना बळकटी देणारे हे प्रथिन मनुष्याच्या शरीरातील एकूण प्रथिनांच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश भरते. त्याचे अठ्ठावीस प्रकार आता ज्ञात आहेत.

कोलॅजेनाचा रेणू तीन पदरी दोरासारखा असतो. प्रत्येक पदर डावीकडे पिळलेला, आणि तिन्ही पदर मिळून उजवीकडे पिळलेले. दोर वळणारा मनुष्य जी युक्ती करतो तीच येथे निसर्गाने केली आहे, आणि म्हणूनच हा दोर सहसा उलगडत नाही. रेणूची लांबी त्याच्या जाडीच्या सुमारे दोनशेपट असते. प्रत्येक पदरात दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो अम्ल येते. तेथे मोठे अम्ल आले असते तर तिन्ही पदर एकमेकांजवळ बसलेच नसते. हा पीळ टिकण्यासाठी जी रासायनिक क्रिया घडावी लागते तिला क जीवनसत्त्व आवश्यक असते. लांबच्या सागरप्रवासात ताज्या फळांना व भाज्यांना मुकलेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त का येई आणि त्यांच्या जखमा का भरून येत नसत, याचे कारण येथे सापडते.

या तीन पदरी रचनेचा शोध भारतात लागला. मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेले गो. ना. रामचंद्रन् व त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ती मांडली व १९५५ मध्ये तिच्यात सुधारणा केली. विद्यापीठाच्या शेजारीच केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होती. क्ष-किरणांनी परीक्षण करण्यासाठी लागणारी कांगारूच्या शेपटीची कंडरा त्यांना तिच्या साहाय्याने मिळाली. पुढे रामचंद्रन् बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तेथे त्यांनी रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभारला. चामड्याचे शास्त्र आणि जीवनाचे शास्त्र यांची भेट आपल्याकडे अशी सत्तर वर्षांपूर्वीच झाली आहे.

कातड्यापासून पडद्यापर्यंत

शल्यविशारद कोलॅजेन वापरू लागले ते अलीकडे, असेही नाही. जखम शिवण्यासाठी वापरली जाणारी ‘कॅटगट’ ही दोरी म्हणजे मेंढीच्या वा गुरांच्या आतड्याची तात. ती मुख्यत्वेकरून कोलॅजेनाचीच असते. काही दिवसांनी ती शरीरात विरघळून जाते, म्हणून आतले टाके काढण्याची गरज पडत नाही. हाच गुण नव्या पडद्यांत अधिक कौशल्याने वापरला आहे.

जनावराचे कातडे प्रथम चुन्याच्या निवळीत ठेवून त्यावरील केस व मेद काढून टाकतात. नंतर अम्ल व पाचक द्रव्ये यांच्या साहाय्याने कोलॅजेन विरघळवून वेगळे करतात. परक्या प्रथिनाविरुद्ध आपले शरीर जो प्रतिकार करते तो बव्हंशी कोलॅजेन रेणूच्या टोकांमुळे होतो. म्हणून ती टोके छाटून टाकतात. शुद्ध कोलॅजेन गोठवून निर्वातात सुकविले की स्पंजासारखा सच्छिद्र पडदा तयार होतो. तो फार लवकर विरघळू नये म्हणून त्यातील तंतू रासायनिक बंधांनी एकमेकांशी जखडतात. चर्मकार कातडे कमावतो तेव्हा तो हेच करीत असतो; कच्चे कातडे कुजते, कमावलेले टिकते. गुरांच्या हृदयावरणापासून बनविलेल्या कृत्रिम हृदयझडपा ग्लुटाराल्डिहाइडने टिकाऊ करतात, तेही याच तत्त्वावर.

अशा पडद्याचे कार्य केवळ जखम झाकणे हे नव्हे. रोग्याच्या स्वतःच्या कोशिका त्याच्या छिद्रांत शिरतात, तेथे वाढतात आणि नवे ऊतक रचतात. बांधकाम पुरे झाल्यावर परांची उतरवावी तसा मूळचा पडदा हळूहळू नाहीसा होतो. अमेरिकेत बर्क व यानस यांनी १९८१ साली गुरांचे कोलॅजेन व शार्क माशापासून काढलेले एक द्रव्य यांचा असा पडदा गंभीरपणे भाजलेल्या रोग्यांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले.

मुंबईचा अनुभव

भाजलेल्या रोग्यांच्या उपचारात महाराष्ट्राने वेगळी वाट चोखाळली, तिचा येथे उल्लेख करणे उचित होईल. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी जखमेवर वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या आवरणाचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. स्वस्त, सहज मिळणारी आणि जखमेला न चिकटणारी ही आवरणे गरीब रोग्यांच्या उपयोगी पडावीत, हा त्यामागील हेतू होता. ती जखमेचे रक्षण करतात; परंतु कोशिकांना आत शिरून वाढता येईल असा सांगाडा ती पुरवू शकत नाहीत. जेथे जखम खोल आहे तेथे कोलॅजेनाची गरज उरतेच.

मुंबईतच टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली ऊतकपेढी सुरू झाली. मनुष्याची अस्थी, गर्भाभोवतीचे उल्ब इत्यादी ऊतके तेथे गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रोग्यांसाठी ठेवली जातात. उल्बातही कोलॅजेन असतेच. ऊतकपेढीचा पहिला नियम असा की दाता कोण, त्याची वा त्याच्या आप्तांची संमती होती काय, त्याला कोणते रोग होते, हे नोंदल्यावाचून ऊतक पुढे जात नाही. मनुष्याच्या ऊतकाबाबत ही काटेकोर वृत्ती आपण स्वीकारली आहे. मग जनावराचे ऊतक मनुष्याच्या शरीरात बसविताना ती शिथिल का असावी?

मूळ जाणण्याची तीन कारणे

पहिले कारण रोगाचे. १९८६ साली इंग्लंडमध्ये गुरांना मेंदूचा एक नवा रोग होत असल्याचे ओळखण्यात आले. त्याला कारण होणारे विकृत प्रथिन साध्या उकळण्याने नष्ट होत नाही. पुढे हा रोग मनुष्यासही होऊ शकतो असे दिसून आले आणि जनावरांपासून केलेल्या वैद्यकीय वस्तूंकडे सर्व जग संशयाने पाहू लागले. युरोपात आतड्याच्या दोरीचा वापर मागे पडण्यास ही भीती कारण झाली. भारताला या रोगाबाबत ‘नगण्य धोक्याचा देश’ असा दर्जा २०१० साली जागतिक पशुआरोग्य संघटनेकडून मिळाला. वैद्यकीय कोलॅजेनाच्या उद्योगाला ही मोठी अनुकूलता आहे. तथापि असा दर्जा अखंड देखरेखीवर टिकतो, आणि येलहंक्यासारख्या ठिकाणी चाललेल्या कामाचे मोल येथे कळून येते.

दुसरे कारण शरीरप्रकृतीचे. गुरांच्या कोलॅजेनाची टोचणी देण्यापूर्वी त्वचेवर चाचणी घेण्याचा प्रघात होता, कारण शंभरांपैकी सुमारे तीन व्यक्तींना ते सोसत नसे. कोणते कोलॅजेन आपल्या अंगात गेले हे ज्याला ठाऊक नाही, तो पुढच्या वेळी दुसऱ्या वैद्यास काय सांगणार?

तिसरे कारण श्रद्धेचे व आचाराचे. या देशात कोणास गाय पूज्य आहे, कोणास डुक्कर निषिद्ध आहे, कोणी कोणताच प्राणिजन्य पदार्थ घेत नाही. या भावनांशी कोणी सहमत असो वा नसो, ज्याच्या शरीरात वस्तू जावयाची त्याच्या मताला महत्त्व आहेच. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक होती, परंतु काडतुसांना कोणती चरबी लावली आहे हे शिपायांना विश्वासात घेऊन सांगितले गेले नाही आणि संशयाने पेट घेतला, हे शाळेतील प्रत्येक विद्यार्थी वाचतो. आज बिस्किटांच्या पुड्यावर शाकाहारी-मांसाहारी दर्शविणारे चिन्ह असते. शरीरात बसविलेली वस्तू बिस्किटापेक्षा निश्चितच अधिक निकटची आहे.

दोन आक्षेप

यावर असे म्हटले जाईल की मूळ सांगितल्यास रोगी घाबरेल व हिताचा उपचार नाकारील. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केले आहे की उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती होय. रोगी नाकारील म्हणून न सांगणे याचा अर्थ त्याच्या वतीने आपणच निर्णय घेणे असा होतो. शिवाय आज लपविलेली गोष्ट उद्या कळली, तर अविश्वास एका पडद्यापुरता राहत नाही. तो लशीवर, औषधावर आणि रुग्णालयावरही पसरतो.

दुसरा आक्षेप असा की प्राण संकटात असताना चर्चेस वेळ कोठला? तो मान्य केला पाहिजे. अशा वेळी प्राणरक्षण प्रथम. मात्र नंतर रोग्यास वा आप्तास सर्व सांगणे हे कर्तव्य राहतेच. आणि बहुतेक शस्त्रक्रिया काही घटकेत ठरत नाहीत. हर्निया, दात, हाडे यांवरील ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत बोलण्यास पुरेसा अवकाश असतो.

उघडपणे सांगूनही काम चालते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून जखमेवरील आच्छादन तयार केले. त्यास २०२३ साली केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, तेव्हा त्याचे मूळ जाहीरपणे सांगण्यात आले होते.

काय करता येईल

येथे तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली : वस्तूची पेटी शस्त्रक्रियागृहात उघडली जाते, रोग्याच्या दृष्टीस ती क्वचितच पडते. म्हणून प्रत्येक पेटीत रोग्यासाठी एक चिठ्ठी असावी आणि तिच्यावर प्राणी, अवयव, देश व उत्पादनाचा गट-क्रमांक त्या राज्याच्या भाषेत लिहिलेला असावा. ‘बोव्हाइन’ या इंग्रजी शब्दात गाय आणि म्हैस दोन्ही येतात. आपल्या देशात हा भेद लहान नव्हे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या हत्येस बंदी आहे, म्हशीस तो कायदा लागू नाही. तेव्हा गाय की म्हैस, हे स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे.

दुसरी : गुरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला लावण्याची योजना देशात चालू आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात १९ कोटींहून अधिक गायी-बैल व जवळजवळ ११ कोटी म्हशी-रेडे आहेत. एवढ्या गुरांतून वैद्यकीय उपयोगासाठी निवडलेल्या थोड्यांचा क्रमांक कातड्याबरोबर प्रयोगशाळेपर्यंत नेणे अशक्य नाही. तो क्रमांक रोगांच्या जिल्हावार नोंदींशी ताडून पाहिला, तर कोणत्या गटात शंका आहे हे तत्काळ कळेल.

तिसरी : पर्याय वाढविले पाहिजेत. माशांच्या कातडीतही कोलॅजेन असते आणि कोकणच्या किनाऱ्यावर ती कातडी बहुधा टाकाऊ ठरते. थंड समुद्रातील माशांपासून वेगळे केलेले कोलॅजेन मनुष्यदेहाच्या उष्णतेस आपला पीळ टिकवू शकत नाही. उष्ण पाण्यातील माशांचे त्या मानाने अधिक टिकते. या दिशेने आपल्या किनाऱ्यावरील महाविद्यालयांना पुष्कळ काम करता येण्याजोगे आहे. ज्याला दुसरा पर्यायच नाही, त्याने दिलेल्या संमतीला अर्थ थोडाच उरतो.

या तिन्ही गोष्टींसाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. मद्रासच्या प्रयोगशाळेत कोलॅजेनाचे तीन पदर उलगडले गेले, मुंबईच्या पेढीत दात्याची नोंद ठेवण्याची शिस्त रुजली, येलहंक्यात गुरांच्या रोगांचे नकाशे तयार होत आहेत. ही कामे एकमेकांस जोडण्याचे आणि त्यांचा निष्कर्ष खाटेवरील रोग्यास त्याच्या भाषेत सांगण्याचे काम तेवढे राहिले आहे. ते रुग्णालये, उत्पादक आणि शासन यांनी मिळून हाती घ्यावे. आणि रोग्याच्या आप्तांनीही, संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, ‘हे कोणत्या प्राण्याचे?’ असे विचारण्यास संकोच करू नये.