सुती चिंधीची किंमत

'टाकाऊतून टिकाऊ' म्हणताना कापड कुठलं, हे कुणी विचारत नाही. वणीच्या आमच्या घरी आई शिंप्याकडची कात्रणं साठवी आणि उन्हाळ्यात जुन्या लुगड्यावर मांडून, कडेकडेनं धावदोरा घालत आत येई. बँकेत तारणाच्या किमती ठरवण्यात माझी हयात गेली. त्या गोधडीची काही लावता आली नाही.

परवा सुनेनं हौसेनं कात्रणं आणली, तर निम्मी पॉलिएस्टरची! त्यांच्या पिशव्या छान होतात; पण अंगाखाली घाम टिपायला सूतच हवं. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात सुती चिंधी शोधावी लागावी! मी माझे दोन सदरे दिले. अस्तराला मात्र काही पुरेना.

"बाबा, आजींचं लुगडं घेऊ?" तिनं विचारलं. ट्रंकेत ते एकच उरलं होतं. दोन दिवस मी गप्प होतो. तिसऱ्या दिवशी किल्ली दिली.