हल्लेखोर सापडतात, हेतू निसटतो
वांशिक द्वेषातून होणाऱ्या हत्यांचा तपास अजूनही अपुराच

आर. के. पुरम (नवी दिल्ली) : आर. के. पुरमला लागून असलेल्या मुनिरका गावात ईशान्येकडील राज्यांतून शिक्षण व नोकरीसाठी आलेले अनेक तरुण भाड्याने राहतात. चेहरेपट्टीवरून होणारी हेटाळणी त्यांच्यासाठी नवी नाही. या हेटाळणीतून जीव जातो, तेव्हा तपास यंत्रणा हल्लेखोरांपर्यंत पोहोचते. मात्र हल्ल्यामागील द्वेष न्यायालयात सिद्ध करण्याची व्यवस्था आजही अपुरी आहे.

अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी निडो तानिया याचे प्रकरण या संदर्भात महत्त्वाचे ठरते. 29 जानेवारी 2014 रोजी लाजपतनगर येथे त्याच्या केसांवरून व दिसण्यावरून टिंगल झाली. त्यातून वाद उफाळला आणि त्याला मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. डोके व फुफ्फुसांना झालेली गंभीर इजा हे मृत्यूचे कारण असल्याचे शवविच्छेदनातून स्पष्ट झाले. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि 2019 मध्ये दिल्लीतील न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले. मात्र हा दोष खुनाचा नव्हता, तर सदोष मनुष्यवधाचा होता.

या घटनेनंतर केंद्राने नेमलेल्या एम. पी. बेझबरुआ समितीने जुलै 2014 मध्ये अहवाल दिला. वांशिक अपमान व हिंसा यांसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद असावी, ही तिची प्रमुख शिफारस होती. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा घटनांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याचे निर्देश दिले. दिल्ली पोलिसांचा विशेष कक्ष आणि 1093 ही हेल्पलाइन सुरू झाली. दंडविधानातील स्वतंत्र कलम मात्र झाले नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103(2) मध्ये वंश, जात, जन्मस्थान, भाषा आदी कारणांवरून होणाऱ्या हत्येचा उल्लेख प्रथमच आला. परंतु त्यासाठी पाच किंवा अधिक व्यक्तींचा गट असणे आवश्यक आहे. तानिया प्रकरणात दोषी ठरलेले चौघेच होते. म्हणजे तशीच घटना आज घडली आणि तपासात चौघेच निष्पन्न झाले, तर हे कलम लागू होणार नाही.

ब्रिटनमध्ये 1993 साली झालेल्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय युवकाच्या हत्येच्या तपासातील त्रुटींवर 1999 मध्ये मॅक्फर्सन अहवाल आला. पीडिताला किंवा अन्य कोणालाही घटना वांशिक वाटली, तर पोलिसांनी ती तशीच नोंदवून तपासावी, असे त्यात सुचवले होते. वांशिकता गृहीत धरणे हा त्यामागील हेतू नव्हता. ती शक्यता पहिल्याच दिवशी तपासाबाहेर जाऊ नये, एवढाच होता.

आपल्याकडे क्रम नेमका उलटा आहे. डिसेंबर 2025 मध्ये डेहराडून येथील हल्ल्यात त्रिपुराच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. कुटुंबीयांनी वांशिक शिवीगाळीचा आरोप केला. पोलिसांनी तसा पुरावा नसल्याचे सांगितले. असा पुरावा मुख्यतः उच्चारलेल्या शब्दांचा असतो. प्रथम माहिती अहवालात आणि साक्षीदारांच्या जबाबांत ते शब्द वेळीच नोंदले गेले नाहीत, तर खटल्यात ‘किरकोळ वादातून मारामारी’ एवढेच उरते. त्यामुळे पाच जणांची अट शिथिल करण्याइतकेच पहिल्या जबाबाच्या नोंदीचे नियम ठरवणेही निकडीचे आहे.